डॉ. जेम्स लिंड : लिंबाचा पुरावा मांडणारा शल्यवैद्य

अठराव्या शतकात इंग्लंडच्या आरमाराला शत्रूच्या तोफांपेक्षा स्कर्व्हीची धास्ती अधिक होती. जहाज काही महिने समुद्रात राहिले, की खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलू लागत, अंगावर काळेनिळे डाग उमटत आणि अखेर चालताबोलता माणूस कोसळत असे. जॉर्ज ॲन्सन यांच्या १७४०-४४ च्या जगप्रदक्षिणेत या रोगाने हजाराहून अधिक माणसे दगावली. त्याच सफरीत आणखी एक भयंकर प्रकार नोंदला गेला. पन्नास वर्षांपूर्वी बॉयनच्या लढाईत जखमी झालेल्या एका खलाशाचे पूर्ण भरलेले व्रण पुन्हा उघडले. भरलेली जखम अशी उकलावी कशी, याचे उत्तर त्या काळी कोणापाशीच नव्हते. त्या उत्तराच्या अगदी जवळ जाऊन पोहोचले ते डॉ. जेम्स लिंड.

लिंड यांचा जन्म ४ ऑक्टोबर १७१६ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे व्यापारी कुटुंबात झाला. पंधराव्या वर्षी ते एका शल्यवैद्याकडे उमेदवारी करू लागले आणि १७३९ मध्ये शल्यवैद्याचे सहायक म्हणून आरमारात दाखल झाले. पुढे ‘सॅलिसबरी’ या युद्धनौकेचे ते शल्यवैद्य झाले. २० मे १७४७ रोजी त्यांनी स्कर्व्हीने आजारी असलेले बारा खलाशी निवडले. सर्वांचा आजार शक्य तितका सारखा, राहण्याची जागा एकच आणि रोजचा आहारही एकच. मग दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. एकीला सफरचंदाची दारू, दुसरीला पातळ केलेले गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला लसूण-मोहरीची चाटण आणि सहावीला रोज दोन संत्री व एक लिंबू. फळांचा साठा सहा दिवसांतच संपला. पण तोवर फळे खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला होता आणि दुसरा इतर रुग्णांची शुश्रूषा करू लागला होता. सफरचंदाची दारू घेणाऱ्या जोडीला थोडा उतार पडला. बाकीच्यांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता.

१७४८ मध्ये लिंड यांनी आरमार सोडले, एडिंबरा विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली आणि त्याच शहरात खासगी व्यवसाय सुरू केला. दहा वर्षे ते शहरातील रुग्ण तपासत राहिले. आज ज्याला आपण फॅमिली डॉक्टर म्हणतो, तसेच काहीसे हे आयुष्य होते. पण समुद्रावर पाहिलेला रोग त्यांच्या मनातून गेला नाही. रुग्णसेवा सांभाळून त्यांनी स्कर्व्हीवर पूर्वी झालेले लेखन मिळवले, तपासले, आणि १७५३ मध्ये या रोगावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

मात्र चारशेहून अधिक पानांच्या या ग्रंथात त्या प्रयोगाला मिळाली ती मोजकीच जागा. दमट हवेने घामाची छिद्रे बुजतात आणि त्यातून रोग उद्भवतो, या तत्कालीन समजुतीतून लिंड स्वतः कधीच पूर्णपणे बाहेर आले नाहीत. लिंबू हा त्यांच्या लेखी अनेक उपायांतील एक, फार तर सर्वांत चांगला उपाय होता. लांबच्या प्रवासात फळे टिकत नाहीत म्हणून त्यांनी रस मंद आचेवर आटवून घट्ट पाक करण्याची कृती सुचवली. तापवल्याने रसातील गुणकारी घटकाचा बराच भाग नष्ट होई, हे कळायला तेव्हा कोणताच मार्ग नव्हता. पाक निष्प्रभ ठरला आणि त्याबरोबर लिंबाविषयीचा विश्वासही डळमळला. हाती आलेला पुरावा असा हातचा निसटला. त्याची किंमत पुढची चार दशके खलाशांनी मोजली.

१७५८ मध्ये गॉस्पोर्ट येथील हॅस्लर या आरमारी रुग्णालयाचे मुख्य वैद्य म्हणून लिंड यांची नेमणूक झाली. पहिल्या दोन वर्षांतच तेथे स्कर्व्हीचे हजाराहून अधिक रुग्ण आले. जहाजावरील स्वच्छता, खलाशांचे कपडे आणि समुद्राच्या पाण्यापासून ऊर्ध्वपातनाने गोडे पाणी मिळवणे, या विषयांवरही त्यांनी मोलाचे काम केले. १३ जुलै १७९४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ‘सफोक’ ही युद्धनौका खलाशांना रोज लिंबाचा रस देत, वाटेत कोठेही न थांबता तेवीस आठवड्यांनी मद्रासला पोहोचली. स्कर्व्हीने एकही बळी गेला नाही. १७९५ मध्ये डॉ. गिल्बर्ट ब्लेन यांच्या प्रयत्नांमुळे आरमाराने लिंबाचा रस देण्याचे धोरण स्वीकारले.

जखमांचे कोडे सुटायला विसावे शतक उजाडावे लागले. १९३२ मध्ये लिंबातील तो घटक म्हणजे क जीवनसत्त्व, हे निश्चित झाले. त्वचा, हाडे, रक्तवाहिन्या आणि व्रण यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात डॉ. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. हे तीन पेड घट्ट राहण्यासाठी शरीरातील काही विकरे काम करतात आणि त्यांना क जीवनसत्त्व लागते. भरलेल्या व्रणातही जुने कोलॅजेन झिजून नवे तयार होत असते. जीवनसत्त्व नसेल तर नवे कमकुवत निघते आणि वर्षानुवर्षांचा व्रण उकलतो. आजही जखम भरत नसेल, तर मधुमेहाच्या तपासणीबरोबर रुग्णाच्या आहाराची चौकशी आवश्यक ठरते.

लिंड यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. तरीही कोणता उपचार खरा, हे ठरवण्यासाठी सारख्या रुग्णांना सारख्या परिस्थितीत ठेवून तुलना करावी, ही त्यांची रीत टिकली. २० मे हा दिवस २००५ पासून आंतरराष्ट्रीय वैद्यकीय चाचणी दिन म्हणून पाळला जातो, तो त्या बारा खलाशांवरील प्रयोगाच्या स्मरणार्थच.