मोजमापाची सचोटी

बाजारातील तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. शंका आल्यास तो पुन्हा तपासता येतो. फुग्याला बांधून आकाशात सोडलेले उपकरण मात्र पंचवीस-तीस किलोमीटर उंचीवरून जे आकडे धाडते, त्यांची शहानिशा करावयास तेथे कोणी जाऊ शकत नाही. त्याची पारख सोडण्यापूर्वी जमिनीवरच व्हावी लागते. ही शिस्त भारतात रुजविणाऱ्यांत अ‍ॅना मणी यांचे स्थान अग्रभागी असून त्यांची कर्मभूमी पुणे ही होती.

23 ऑगस्ट 1918 रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे त्यांचा जन्म झाला. बंगळूरला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे व माणके यांच्या प्रकाशगुणांवर संशोधन केले; परंतु एम.एस्सी. नाही या सबबीवर मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. 1945 मध्ये शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. ओढा पदार्थविज्ञानाकडे होता. वाट्याला आली ती हवामानाची उपकरणे. 1948 मध्ये परतून त्या पुण्यास हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. ज्या पुण्याच्या वेशीबाहेर हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरला, महर्षी कर्व्यांनी 1900 साली स्त्रीशिक्षणासाठी झोपडी उभारली, त्याच पुण्यात 1953 मध्ये 121 पुरुषांच्या विभागाची सूत्रे एका स्त्रीच्या हाती आली. महर्षी तेव्हा हयात होते.

साध्यासाध्या उपकरणांसाठीही देश त्या वेळी आयातीवर अवलंबून होता. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांच्या देशी निर्मितीस चालना दिली. यात परकीय चलनाची बचत होतीच; पण स्वदेशी म्हणून सदोष उपकरण खपवून घेणे त्यांना मान्य नव्हते. चुकीच्या आकड्यापेक्षा आकडा नसलेला बरा, ही त्यांची भूमिका होती. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले आणि 1960 च्या दशकात फुग्यातून ओझोन मोजणारे देशी उपकरण सिद्ध केले. 1976 मध्ये त्या निवृत्त झाल्या. 16 ऑगस्ट 2001 रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आग्रहाचे मोल पुढे वाढतच गेले. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2009 पासून विमानांतून ढगांचे मापन केले. विमानाच्या पंखाखालील यंत्र ढगातील थेंबांचा आकार त्यांनी विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून ठरविते. म्हणून ज्ञात व्यासाचे काचमणी त्यातून सोडून ते आधी पारखावे लागते. ही पारख चुकली, तर ढग बीजारोपणास योग्य होता की नाही, हा निर्णयच चुकतो. महाराष्ट्राने 2003 व 2015 मध्ये कृत्रिम पावसासाठी सरकारी तिजोरीतून खर्च केला. दुष्काळी शेतकऱ्याच्या नावाने होणाऱ्या अशा खर्चाचा हिशेब रुपयांत मांडणे सोपे असते; मिलिमीटरमध्ये तो मांडावयाचा, तर मापकच प्रामाणिक असावा लागतो. प्रयोगांना निधी देताना पारखीच्या प्रयोगशाळांसाठी हात आखडता घेणे म्हणूनच परवडणारे नाही.