युद्धानं विमानसेवा विस्कटली, भागीदार गेला, तरी जेआरडींनी एअर इंडिया उभी करून दाखवली

२०२० चा लॉकडाऊन भिवंडीकर विसरणार नाहीत. यंत्रमाग जागच्या जागी होते, पण ते चालवणारे कारागीर गावाकडं निघून गेले होते. लॉकडाऊन उठला तरी कारागीर परत येईपर्यंत मागांचा खडखडाट काही पूर्वीसारखा झाला नाही.

त्याच काळात, २५ मार्चपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानंसुद्धा बंद होती. पुढं प्रवासी परत आले, पण विमान कंपन्यांसमोर प्रश्न उभा राहिला. नवी विमानं आणायची कुठून आणि ती उडवणारी, दुरुस्त करणारी माणसं पुन्हा जमवायची कशी?

हाच प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसासमोर होता. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच जेआरडी.

दोन विमानं आणि मोजकी माणसं

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. आई फ्रेंच, वडील टाटा घराण्यातले. विमानाचं वेड लहानपणापासूनच. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला हा पहिला परवाना, त्यावर नंबरही १.

त्याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा, ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक भारतात आला होता. त्याच्या डोक्यात टपाल वाहणाऱ्या विमानसेवेची कल्पना होती. टाटांनी सुमारे २ लाख रुपये घातले, दोन छोटी पस मॉथ विमानं घेतली. कामाला तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक. त्या तीन वैमानिकांत जेआरडी आणि व्हिन्सेंट स्वतः होते.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन उड्डाण केलं आणि अहमदाबादमार्गे ते जुहूला उतरले. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठचा चिखलाचा सपाट भाग. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, मग सगळा कारभार पुण्याला हलवायचा. तरीही पहिल्या वर्षात कंपनीनं १५५ प्रवासी नेले आणि सुमारे ६० हजार रुपये नफा कमावला.

सगळं जमलं आणि युद्ध सुरू झालं

१९३८ मध्ये ब्रिटिश साम्राज्याच्या हवाई टपाल योजनेत टाटांना मोठं काम मिळालं. विमानं वाढली, माणसं वाढली. आता भरारी घ्यायची, तोच सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं.

टपालाची ती योजना गुंडाळली गेली. विमानं आणि वैमानिक सरकारच्या युद्धकामाला जुंपले गेले. सर्वसामान्यांचा प्रवास मागं पडला आणि नवी विमानं मिळणं दुरापास्त झालं.

सगळ्यात मोठा घाव १९४२ मध्ये बसला. इंग्लंडहून परतताना व्हिन्सेंट ज्या लष्करी विमानात होता, ते फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बेपत्ता झालं. ज्याच्या कल्पनेतून कंपनी जन्माला आली तोच माणूस गेला.

युद्ध संपलं, मग?

युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याची शेकडो डाकोटा विमानं भारतात पडून होती. ती स्वस्तात विकायला निघाली. युद्धात तयार झालेले वैमानिक आणि तंत्रज्ञही सैन्यातून मोकळे होत होते. पस मॉथमध्ये जेमतेम दोन-तीन माणसं बसायची, डाकोटात वीसेक प्रवासी मावायचे. टाटांच्या ताफ्याचा चेहराच बदलला.

२९ जुलै १९४६ ला, म्हणजे जेआरडींच्या ४२ व्या वाढदिवशी, टाटा एअरलाइन्सची पब्लिक लिमिटेड कंपनी झाली. नवीन नाव काय ठेवायचं? चार पर्याय कर्मचाऱ्यांसमोर ठेवले आणि त्यांचं मत घेतलं. ‘एअर इंडिया’ हे नाव असं ठरलं.

पण स्वस्त डाकोटा काय फक्त टाटांनाच मिळत नव्हत्या. एकामागून एक विमान कंपन्या निघाल्या. जेवढे प्रवासी आहेत त्यापेक्षा जास्त कंपन्यांना परवाने देऊ नका, सगळेच बुडतील, असं जेआरडी सांगत राहिले. सरकारनं ऐकलं नाही. काही वर्षांत बहुतेक कंपन्या तोट्यात गेल्या.

जेआरडींनी मात्र परदेशाकडं नजर वळवली. सरकारला ४९ टक्के हिस्सा देऊन १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल काढली. ८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं.

याच विमानाचा ३ नोव्हेंबर १९५० ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर अपघात झाला. विमानातले सगळे ४८ जण गेले. कंपनी मात्र थांबली नाही.

कंपनी गेली, काम चालू राहिलं

१९५३ मध्ये सरकारनं विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण केलं. देशांतर्गत आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स बनली, परदेशी उड्डाणं एअर इंडियाकडं राहिली. जेआरडींचा या निर्णयाला विरोध होता. तरीही त्यांनी एअर इंडियाचं अध्यक्षपद घेतलं आणि पंचवीस वर्षं बिनपगारी सांभाळलं.

प्रवासात ते वही घेऊन बसायचे. पडदा मळलाय, चहा-कॉफीचा रंग सारखाच दिसतोय, सगळं टिपून अधिकाऱ्यांना कळवायचे. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आलं आणि १९६२ मध्ये एअर इंडियाचा अख्खा ताफा जेट विमानांचा झाला. असं करणारी ती जगातली पहिली कंपनी मानली जाते.

१ जानेवारी १९७८ ला ‘एम्परर अशोक’ हे जम्बो विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ जण गेले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारनं जेआरडींना अध्यक्षपदावरून हटवलं. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्षपद काही मिळालं नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी एका जुन्या छोट्या विमानातून पुन्हा कराची ते मुंबई उड्डाण केलं. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

आणि आता

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया परत टाटांकडं आली. सुमारे वर्षभरानं ४७० नव्या विमानांची ऑर्डर जाहीर झाली. १२ जून २०२५ ला अहमदाबादच्या अपघातात २६० जीव गेले, आणि सुरक्षेचा प्रश्न सगळ्यात पुढं आला.

ऑर्डर दिली की विमान कधी ना कधी येतं. पण चांगला वैमानिक, चोख मेकॅनिक आणि प्रवाशाचा विश्वास यांची ऑर्डर देता येत नाही, ते वर्षानुवर्षं घडवावं लागतं. पडद्याच्या मळापर्यंत लक्ष घालणाऱ्या जेआरडींनी आयुष्यभर तेच केलं. आणि कारागिराशिवाय माग चालत नाही, हे भिवंडीत तर कुणाला वेगळं सांगायलाच नको.