वादळाच्या खुणा वाचणारे टेत्सुया फुजिता

वैशाखात आपल्या माळव्यात दुपारी शेतातून वावटळ उठते, धूळ आणि पाचोळा उडवते आणि दोन मिनिटांत विरून जाते. चक्रीवादळ समुद्रावर तयार होते, शेकडो किलोमीटर पसरते आणि त्याची वार्ता काही दिवस आधी मिळते. टोर्नेडो या दोन्हींहून निराळा. गडगडाटी ढगातून सोंडेसारखा तो जमिनीवर उतरतो आणि काही मिनिटांत वस्ती उद्ध्वस्त करतो. आपल्या मंडळातील कित्येक घरांतील मुले-नातवंडे आज टेक्सास, इलिनॉय, ओहायो अशा राज्यांत राहतात. तिकडे भोंगा वाजला की इकडे आपला जीव टांगणीला लागतो. म्हणूनच ज्यांनी या वादळाचे गूढ पुष्कळ अंशी उकलले, त्या टेत्सुया फुजिता यांची ओळख आज करून घेऊ.

फुजिता यांचा जन्म 23 ऑक्टोबर 1920 रोजी जपानमधील क्यूशू बेटावर, आजच्या किताक्यूशू शहराच्या परिसरात झाला. शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचे. पुढे ते त्याच भागातील आपल्या महाविद्यालयात शिकवू लागले. 9 ऑगस्ट 1945 रोजी दुसऱ्या अणुबॉम्बचे पहिले लक्ष्य त्यांच्या जवळचे कोकुरा शहर होते. आकाश स्वच्छ नसल्याने विमान नागासाकीकडे वळले आणि फुजिता वाचले. काही आठवड्यांनी ते विद्यार्थ्यांसह हिरोशिमा आणि नागासाकी येथे पाहणीसाठी गेले. जळाल्याच्या खुणा आणि सावल्या मोजून बॉम्ब किती उंचीवर फुटला याचा त्यांनी हिशेब मांडला. स्फोटाच्या खालच्या जागेपासून झाडे चहूबाजूंना, ताऱ्याच्या किरणांसारखी आडवी झालेली होती. ते दृश्य त्यांच्या मनात कायमचे राहिले.

1947 मध्ये सेबुरी डोंगरावरील वेधशाळेत गडगडाटी वादळाचा अभ्यास करताना ढगातून हवा खालीही वेगाने कोसळते, हे त्यांनी नोंदींवरून दाखवले. त्याच सुमारास कचऱ्यात गेलेला एक अमेरिकी शोधनिबंध त्यांच्या हाती लागला. त्यातील विषय आपलाच आहे हे पाहून त्यांनी आपले लेखन शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक होरेस बायर्स यांना पाठवले. बायर्स यांनी त्यांना बोलावून घेतले आणि 1953 मध्ये फुजिता शिकागोला गेले. 1968 मध्ये त्यांनी अमेरिकी नागरिकत्व घेतले.

20 जून 1957 रोजी नॉर्थ डकोटातील फार्गो शहरावर टोर्नेडो आला. फुजिता यांनी गावकऱ्यांनी काढलेली शंभराहून अधिक छायाचित्रे गोळा केली आणि कोणते चित्र कुठून, केव्हा काढले ते जुळवून वादळाचा मिनिटामिनिटाचा प्रवास मांडला. जमिनीलगत उबदार दमट हवा, वर थंड कोरडी हवा आणि उंचीबरोबर वाऱ्याची दिशा व वेग बदलत गेलेला, असा योग आला की ढगात वर चढणारी हवा स्वतःभोवती फिरू लागते. गिरकी घेताना हात अंगाशी घेतले की आपण जोरात फिरतो, तसाच हा हवेचा स्तंभ आवळला की त्याचा वेग वाढतो. अमेरिकेत तो बहुधा नैऋत्येकडून ईशान्येकडे सरकतो. मात्र अशा प्रत्येक ढगातून टोर्नेडो होतोच असे नाही.

1971 मध्ये फुजिता यांनी नुकसानीवरून टोर्नेडोची तीव्रता ठरवणारे एफ-0 ते एफ-5 असे माप तयार केले. एक घर भुईसपाट आणि शेजारचे शाबूत, असे का होते? मोठ्या भोवऱ्याच्या पोटात लहान भोवरे फिरत असतात, हे त्यांनी त्याचे कारण सांगितले.

एप्रिल 1974 मध्ये एका दिवस-रात्रीत 148 टोर्नेडो आले आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली. विमानातून पाहणी करताना फुजिता यांना काही ठिकाणी झाडे गोल फिरून पडलेली नव्हे, तर चहूबाजूंना फेकलेली दिसली. नागासाकीचीच खूण! पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला उतरताना एक विमान कोसळून शंभरावर प्रवासी गेले, तेव्हा ढगातून झोतासारखी कोसळणारी हवा हे कारण त्यांनी पुढे केले. अनेक शास्त्रज्ञांनी ते मानले नाही. फुजिता वाद घालत बसले नाहीत. 1978 मध्ये रडार लावून त्यांनी असे झोत पकडून दाखवले. त्यानंतर विमानतळांवर विशेष रडार आले, वैमानिकांचे प्रशिक्षण बदलले आणि असे अपघात जवळजवळ थांबले.

मिस्टर टोर्नेडो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने पहिला टोर्नेडो प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला तो 1982 मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. तोवर सारे काही त्यांनी मागे उरलेल्या खुणांवरूनच वाचले होते. 19 नोव्हेंबर 1998 रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. त्यांच्या मापातील वाऱ्याचे वेग काहीसे जास्त धरले गेले होते. ते सुधारून 2007 पासून नवे माप अमेरिकेत वापरात आले, पण त्यावर नाव फुजिता यांचेच आहे.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांना एवढे जरूर सांगावे. वॉच म्हणजे टोर्नेडोची शक्यता, वॉर्निंग म्हणजे तो दिसला किंवा रडारवर आढळला. वॉर्निंग येताच तळघरात जावे. तळघर नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली आतली खोली गाठावी आणि डोके झाकून बसावे. खिडक्या उघडण्यात वेळ घालवू नये. चाकांवरच्या घरात थांबू नये, पुलाखाली आसरा घेऊ नये. जीव जातो तो बहुतेक वेळा उडत्या वस्तूंमुळे.

उद्ध्वस्त गावांतून हिंडून पुढच्या माणसांचे प्राण वाचवणाऱ्या या ऋषितुल्य संशोधकास आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन.