पंचवीस खोल्यांचा अलबेला

गॅदरिंगची प्रॅक्टिस हॉस्टेलच्या टेरेसवर चालली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या ग्रुप डान्समध्ये एक स्टेप होती. पाय जवळजवळ जागेवरच ठेवायचे, हात कोपरात वाकवायचे, खांदे हळूहळू हलवायचे आणि चेहरा असा करायचा की जणू आपल्याला फार मोठं काही सापडलंय. तिला आम्ही सगळे अमिताभची स्टेप म्हणायचो. सुट्टीत वणीला घरी गेलो तेव्हा मोबाईलवर शूट केलेला व्हिडिओ आजोबांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, परत लावायला सांगितला आणि म्हणाले, की अरे, ही तर भगवानची स्टेप. मला वाटलं देवाचं काहीतरी सांगतायत. आमचं गाव सप्तशृंगी गडाच्या वाटेवरचं, घरात दिवसातून दहा वेळा देवाचं नाव निघतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी आधीच कच्चं (शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी माफ कराव्यात), त्यात हा घोळ. मग आजोबांनी यात्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत बसून पाहिलेल्या 'अलबेला'ची गोष्ट सांगितली. त्यानंतर मी मिळेल तिथून वाचत गेलो. हा लेख त्यातूनच झाला.

भगवान आबाजी पालव. जन्म 1 ऑगस्ट 1913. वडील मुंबईत कापड गिरणीत कामगार. लहानपण दादर-परळच्या गिरणगावात गेलं. शाळा लवकर सुटली, थोडे दिवस मजुरी केली. कुस्तीचा आणि व्यायामाचा नाद मात्र जबरदस्त. आणि दुसरा नाद सिनेमाचा. त्या वेळी सिनेमा मुका होता आणि हॉलिवूडचा डग्लस फेअरबँक्स भिंतींवरून उड्या मारत जगभरच्या पोरांना वेड लावत होता. भगवानलाही तसंच काहीतरी करायचं होतं. फरक एवढाच, की फेअरबँक्स देखणा होता आणि हा बुटका, जाडसर, बारीक डोळ्यांचा. आजच्या ऑडिशनमध्ये दारातूनच परत पाठवला असता.

तरी मूकपटाच्या शेवटच्या दिवसांत त्याला काम मिळालं, 'बेवफा आशिक' नावाच्या चित्रपटात. 1934 साली 'हिम्मत-ए-मर्दा' हा त्याचा पहिला बोलपट. 1938 साली चंद्रराव कदम यांच्याबरोबर 'बहादूर किसान'चं दिग्दर्शन केलं, म्हणजे पंचविशीत दिग्दर्शक! आपण त्या वयात पहिल्या नोकरीचा प्रोबेशन पिरियड मोजत असू. हे सगळे कमी पैशातले मारधाडपट. नटांच्या जेवणापासून कपड्यांपर्यंत सगळं हा स्वतः बघायचा. मारामारीत डमी वगैरे भानगड नाही, उडी स्वतः मारायची आणि मारही स्वतः खायचा. प्रेक्षक म्हणजे गिरणी कामगार, टांगेवाले, हमाल. पुढच्या रांगेत बसून शिट्ट्या मारणारी मंडळी. पेपरात त्याच्या चित्रपटांना कोणी विचारत नसे, पण तिकीटबारीवर ते चालत.

याच काळात त्याला एक मित्र भेटला, राम चितळकर. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा, भगवानपेक्षा साडेचार वर्षांनी लहान. हीरो व्हायला आला होता, 1935 च्या 'नागानंद'मध्ये कामही केलं, पण ते जमलं नाही आणि सोहराब मोदींच्या कंपनीत पेटी वाजवायला बसला. दोघांची परिस्थिती सारखीच. एकाला चेहरा नव्हता, दुसऱ्याचा हीरोचा चान्स हुकला होता. भगवानला मद्रासकडे तमिळ चित्रपट दिग्दर्शित करायचं काम मिळालं तेव्हा संगीत रामने दिलं. 1941 चा 'वनमोहिनी' हा त्यातला एक, हॉलिवूडच्या जंगलपटांच्या धर्तीवरचा. आता विचार करा, दोन मराठी पोरं, दोघांचाही तमिळशी संबंध नाही, आणि एकाने दिग्दर्शन केलंय, दुसऱ्याने चाली बांधल्यात. आपल्याला एम-थ्री इंग्रजीतून समजत नाही म्हणून आपण रडतो. हाच राम चितळकर पुढे सी. रामचंद्र झाला. 1942 साली भगवानने जागृती पिक्चर्स नावाची स्वतःची कंपनी काढली.

पण 1942 म्हटलं की आणखी एक गोष्ट सांगावी लागते. भगवानदादांवरच्या बऱ्याच लेखांत ती एका ओळीत उरकलेली असते. मला तसं करावंसं वाटत नाही, कारण त्यात आपल्या नाशिक जिल्ह्याची एक मुलगी आहे.

ललिता पवार मूळच्या येवल्याच्या. 1942 साली त्या काही नवीन नव्हत्या. मूकपटापासून नायिकेची कामं करत होत्या, स्वतः चित्रपटनिर्मितीही केली होती. 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगमध्ये भगवानने त्यांना थोबाडीत मारायची असा सीन होता. मारामारीत मुरलेला, तालमीत कमावलेला हात. तो खरोखरच जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला इजा झाली. जवळजवळ तीन वर्षं उपचार चालले आणि तो डोळा कायमचा बारीक राहिला. वय सव्वीस. नायिकेचं करियर तिथेच संपलं.

पुढे त्यांनी खाष्ट सासूच्या भूमिकांत तोच डोळा असा वापरला की देशभरातल्या सुना घाबरल्या. 'अनाडी'साठी फिल्मफेअर मिळालं, टीव्हीवरच्या 'रामायण'मधली मंथराही त्याच. म्हणून लोक सोयीस्कर म्हणतात की त्या थोबाडीतूनच मोठी अभिनेत्री घडली. मला हे काही पटत नाही. घडल्या त्या त्यांच्या स्वतःच्या हिमतीवर. वर्कशॉपमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी सेफ्टीचं लेक्चर देतात आणि आम्ही मागे बसून हसतो. त्या सेटवर असं लेक्चर कोणी दिलं असेल असं वाटत नाही. भगवानने मुद्दाम केलं नाही हे खरं, पण सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन करायच्या त्या धडाक्याची किंमत त्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी भरली, हेही खरं.

असो. 1947 साली भगवानने चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला. मारधाडपट चालूच होते. मग राज कपूरने त्याला सल्ला दिला, की हे पुरे, आता एखादा सामाजिक चित्रपट काढ. सल्ला ऐकून त्याने काढला तो 1951 चा 'अलबेला'. निर्माता भगवान, दिग्दर्शक भगवान, हीरोसुद्धा भगवान. नायिका गीता बाली. ती त्या वेळची मोठी नटी, आणि ती या बुटक्या स्टंटवाल्याबरोबर काम करायला तयार झाली हीच मोठी गोष्ट. संगीत अर्थातच सी. रामचंद्र, गाणी राजेंद्र कृष्ण यांची.

गोष्ट प्यारेलाल नावाच्या गरीब पोराची. बहिणीच्या लग्नाला पैसे हवेत आणि नेमकी याची नोकरी जाते. मोठा नट होऊनच परत येईन म्हणून तो घर सोडतो. नाटक कंपनीत नाव कमावतो, घरी पैसे पाठवत राहतो, पण ते पोहोचतच नाहीत. परत येतो तेव्हा आई गेलेली असते आणि घर उद्ध्वस्त झालेलं असतं. स्टोरी म्हणून आज ऐकली तर टिपिकल वाटेल. पण पडद्यावरचा प्यारेलाल हा हीरोसारखा दिसतच नाही. तो तुमच्या-आमच्या शेजारी राहणाऱ्यासारखा दिसतो. आजोबा सांगत होते, की तंबूत बसलेल्या प्रत्येकाला वाटत होतं, हा जमलं तर आपल्यालाही जमेल.

आणि गाणी! हवाई बेटांसारखा पोशाख घालून नाचायचं ते गाणं यूट्यूबवर जरूर बघा. सी. रामचंद्रांनी त्यात बाँगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असं सगळं एकत्र आणलं. गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांच्याबरोबर होता, तो आपला बँड घेऊन चित्रपटातही दिसतो. लताबाईंच्या बरोबरीने पुरुषाचा आवाज खुद्द चितळकरांचाच, म्हणजे मित्र पडद्यावर ओठ हलवतोय आणि मित्रच मागून गातोय. आणि एवढ्या वेगवान बँडवर भगवान काय करतो? जवळजवळ काहीच नाही! मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर फार कमी डिग्री ऑफ फ्रीडम. दोन पावलं, खांदे आणि हात. पण एकही ठोका चुकत नाही. ज्याला नाचता येत नाही त्यालाही येईल असा नाच, म्हणून तर तो पुढे प्रत्येक वरातीत आणि मिरवणुकीत पोहोचला. अमिताभच्या नाचावर त्याची छाप आहे हे तर आता सगळेच मानतात.

चित्रपट तुफान चालला. 1951 हे राज कपूरच्या 'आवारा'चं आणि देव आनंदच्या 'बाझी'चं वर्ष, त्यांच्या बरोबरीने 'अलबेला'चं नाव घेतलं गेलं. गिरणी कामगाराच्या पोराने जुहूला समुद्राजवळ बंगला घेतला, पंचवीस खोल्यांचा. गाड्या सात, आठवड्याच्या प्रत्येक वाराला वेगळी.

पुढे जे झालं ते आपल्यापैकी कोणीही केलं असतं. ज्या जर्नलला एकदा सरांकडून ए ग्रेड मिळाली तेच जर्नल आपण पुढच्या वर्षी कॉपी करतो. भगवानने 1953 साली 'झमेला' काढला, तीच गीता बाली, तोच सी. रामचंद्र, साधारण तोच मसाला. 'लाबेला' तर नावापासूनच जुना. दोन्ही पडले. मधे 1956 साली किशोर कुमारला घेऊन 'भागम भाग' काढला, पण 'अलबेला'सारखं काही परत झालं नाही. मग पुन्हा किशोर कुमारलाच घेऊन 'हँसते रहना' सुरू केला आणि त्यात होतं नव्हतं ते सगळं लावलं. तो चित्रपट पूर्णच झाला नाही. नाव बघा काय होतं!

बंगला गेला. गाड्या गेल्या. स्टुडिओ गेला. आणि गोरेगावच्या एका गोदामात त्याच्या चित्रपटांच्या निगेटिव्ह ठेवल्या होत्या, तिथे आग लागली. 'अलबेला'च्या आधीचं जवळजवळ सगळं काम त्यात जळून गेलं. त्या काळची फिल्म बहुतेक सेल्युलोज नायट्रेटची असायची. हे मटेरियल भयंकर ज्वलनशील, जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, म्हणून एकदा पेटलं की पाण्याखालीसुद्धा विझत नाही. म्हणजे त्या धडाकेबाज उड्या आज आपण कितीही सर्च मारला तरी बघू शकत नाही. मला बंगल्यापेक्षा हे जास्त वाईट वाटलं. बंगला दुसरा घेता येतो.

भगवान परत दादरला चाळीत राहायला आला, लल्लूभाई मॅन्शनमध्ये. स्वतःची कंपनी आणि स्टुडिओ असलेला माणूस मिळेल ती छोटी कामं करू लागला. 1955 च्या 'झनक झनक पायल बाजे'त आणि 1956 च्या 'चोरी चोरी'त तो दिसतो. नंतर नंतर तर गाण्याच्या गर्दीत, दुसऱ्याच्या हीरोमागे, दोन मिनिटांपुरता. त्यासाठी बोलवायचेही अशाकरता की त्याने त्याची ती एक स्टेप करावी. माणूस म्हणून अपमान वाटला असेल का? कोणास ठाऊक. करायचा मात्र मनापासून. या वयापर्यंत सगळे त्याला दादा म्हणायला लागले होते.

जुहूच्या बंगल्यावर येणाऱ्यांपैकी चाळीचा जिना फार थोड्यांनी चढला. सी. रामचंद्र यायचे, राजेंद्र कृष्ण यायचे आणि नट ओमप्रकाश यायचे. गीता बाली 1965 सालीच देवीच्या आजाराने गेली, जेमतेम पस्तिशीची. सी. रामचंद्र 1982 च्या जानेवारीत गेले. ज्याच्या आवाजावर दादांनी ओठ हलवले होते तो आवाज थांबला, त्यानंतर दादा वीस वर्षं जगले.

त्या वर्षांतली एक आठवण दादरची माणसं नेहमी सांगतात. गणपतीची मिरवणूक चाळीखाली आली की थांबायची. बँडवाले 'अलबेला'मधलं गाणं सुरू करायचे. दादा खाली यायचे आणि तीच दोन पावलं टाकायचे. मग मिरवणूक पुढे जायची. एखाद्या माणसाच्या दारात गणपती थांबतो, असं मी तरी दुसरं ऐकलं नाही.

4 फेब्रुवारी 2002 रोजी दादरच्या त्याच घरी हृदयविकाराने भगवानदादा गेले. 2016 साली त्यांच्यावर 'एक अलबेला' नावाचा मराठी चित्रपट आला, त्यात मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली. आमच्या विंगमधल्या एकानेही तो बघितला नव्हता. मागच्या रविवारी लॅपटॉपवर बघितला. अर्ध्यात मेसची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही, आणि आमच्या हॉस्टेलमध्ये रविवारची फीस्ट सोडणं म्हणजे काय हे रेक्टर सरांना विचारा.

गॅदरिंगच्या डान्समधली ती स्टेप आम्ही ठेवली आहे. अनाउन्समेंटमध्ये ती कोणाची ते सांगायचं ठरलंय. आजोबांना वणीहून आणायला भाऊ गाडी घेऊन जाणार आहे, पुढच्या रांगेत एक खुर्ची तेवढी धरून ठेवा.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)