महेंद्र नाथ मुल्ला

कॅप्टन महेंद्र नाथ मुल्ला (१५ मे, १९२६ – ९ डिसेंबर, १९७१) हे भारतीय नौदलातील अधिकारी आणि आयएनएस खुकरी या फ्रिगेटचे कप्तान होते. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात पाकिस्तानी पाणबुडी हँगोर हिने केलेल्या हल्ल्यात खुकरी बुडाली. त्या वेळी सहकाऱ्यांच्या सुटकेची व्यवस्था करून मुल्ला स्वतः नौकेवरच थांबले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र प्रदान करण्यात आले. स्वातंत्र्योत्तर काळात शत्रूच्या हल्ल्यात बुडालेली भारतीय नौदलाची खुकरी ही एकमेव युद्धनौका आहे. त्यामुळे मुल्ला यांचे चरित्र भारताच्या पाणबुडीविरोधी संरक्षणाच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले आहे.

प्रारंभिक जीवन आणि कारकीर्द

मुल्ला यांचा जन्म उत्तर प्रदेशातील गोरखपूर येथे एका काश्मिरी पंडित कुटुंबात झाला. जानेवारी १९४६ मध्ये ते तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले आणि १९४८ मध्ये त्यांना अधिकारपद मिळाले. प्रारंभीची काही वर्षे त्यांनी सुरुंगशोधक नौकेवर काढली. पुढे ते आयएनएस कृष्णा या नौकेवर उपकप्तान होते. १९६५ ते १९६७ या काळात त्यांनी लंडन येथील भारतीय उच्चायुक्तालयात उपनौदल सल्लागार म्हणून काम पाहिले. त्यानंतर आयएनएस राणा ही विनाशिका आणि मुंबईतील आयएनएस आंग्रे हा नौदल तळ त्यांच्या अधिपत्याखाली होता. फेब्रुवारी १९७१ मध्ये त्यांनी खुकरीची सूत्रे स्वीकारली.

खुकरी आणि १४ वे फ्रिगेट पथक

खुकरी ही ब्रिटनमध्ये बांधलेली ब्लॅकवूड वर्गातील फ्रिगेट १९५८ मध्ये नौदलात आली. तिच्यासह किरपाण आणि कुठार या एकाच वर्गातील नौकांचे मिळून १४ वे फ्रिगेट पथक बनले होते. मुल्ला हे त्याचे प्रमुख होते. या नौका पाणबुड्यांच्या शिकारीसाठीच बांधलेल्या असल्या, तरी त्यांची रचना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या दशकातील होती. त्यांच्या सोनार यंत्रणेचा पल्लाही मर्यादित होता.

याउलट हँगोर ही पाकिस्तानने फ्रान्सकडून घेतलेली डॅफ्ने वर्गातील नवी पाणबुडी होती. नौकेच्या यंत्रांचा आवाज ती बऱ्याच दूरवरून टिपू शकत असे. सोनार यंत्रणा पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपते. ध्वनीला जाऊन परत यावे लागत असल्याने, नौकेला प्रतिध्वनी ऐकू येण्याच्या कितीतरी आधी पाणबुडीला नौकेची चाहूल लागते. अरबी समुद्रातील उष्ण पाण्यामुळे ही अडचण आणखी वाढते. वरचा उबदार थर आणि खालचे थंड पाणी यांच्या सीमेवर ध्वनिलहरी वाकतात आणि त्या थराखाली दडलेली पाणबुडी सोनारला सापडत नाही. शिवाय नीट ऐकण्यासाठी नौकेला वेग कमी ठेवावा लागतो आणि संथ नौका टॉर्पेडोचे सोपे लक्ष्य ठरते.

डिसेंबर १९७१ ची मोहीम

नोव्हेंबर १९७१ च्या अखेरीस हँगोर कराचीहून निघून भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे आली. युद्ध सुरू होण्यापूर्वी मुंबईच्या परिसरात तिला भारतीय ताफा दिसला होता. परंतु हल्ल्याची परवानगी नसल्याने तिने तो जाऊ दिला. ३ डिसेंबरच्या सायंकाळी युद्धाला तोंड फुटले. दरम्यान वातानुकूलन यंत्रणेतील बिघाडामुळे हँगोरला पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन कराचीशी बिनतारी संदेशांद्वारे संपर्क साधावा लागला. हे संदेश टिपून भारतीय नौदलाने ती दीवच्या नैर्ऋत्येस असल्याचा अंदाज बांधला.

तिच्या शोधाची जबाबदारी १४ व्या पथकाकडे आली. बॉयलरच्या अपघातामुळे कुठारला मुंबईला परत आणावे लागले, त्यामुळे ८ डिसेंबरला केवळ खुकरी आणि किरपाण या दोनच नौका निघाल्या. पाणबुडीविरोधी कामासाठी अधिक योग्य अशा सोव्हिएत बनावटीच्या किल्टन आणि कछाल या नौका कराचीवरील क्षेपणास्त्र हल्ल्याच्या मोहिमेत वापरण्यात आल्या होत्या. सी किंग हेलिकॉप्टरे त्याच वर्षी नौदलात दाखल झाली होती.

खुकरीचे बुडणे

९ डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, हँगोरने किरपाणच्या दिशेने पहिला टॉर्पेडो सोडला. तो फुटला नाही. दुसरा टॉर्पेडो खुकरीवर आदळला आणि प्रचंड स्फोट होऊन नौका काही मिनिटांतच बुडाली. तिसरा टॉर्पेडो किरपाणवर सोडण्यात आला. तिने दिशा बदलून तो चुकवला.

नौका वाचणार नाही, हे लक्षात येताच मुल्ला यांनी ती सोडून जाण्याचा आदेश दिला आणि उपकप्तानांना जीवरक्षक तराफे पाण्यात सोडण्यास सांगितले. वाचलेल्यांच्या कथनानुसार त्यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिले. स्वतः नौका सोडण्यास त्यांनी नकार दिला. त्यांचे अखेरचे दर्शन ब्रिजवरच घडले. या हल्ल्यात १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. वाचलेल्या ६७ जणांना दुसऱ्या दिवशी कछालने समुद्रातून उचलले.

यानंतर भारतीय नौदलाने नौका, विमाने आणि हेलिकॉप्टरे यांच्या साहाय्याने चार दिवस हँगोरचा शोध घेतला. परंतु ती निसटून कराचीला सुखरूप पोहोचली. याच युद्धात विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या गाझी या पाकिस्तानी पाणबुडीच्या अंताविषयी दोन्ही देशांची मते वेगळी आहेत; खुकरी कोणी बुडवली, याबाबत मात्र दुमत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ही पहिलीच घटना होती.

वाद आणि मूल्यमापन

खुकरीच्या नाशाबाबत पुढे अनेक प्रश्न उपस्थित झाले. सोनारचा पल्ला वाढवणाऱ्या एका प्रायोगिक उपकरणाची चाचणी त्या वेळी नौकेवर सुरू होती. त्यासाठी वेग कमी ठेवल्याने नौका सहज टप्प्यात आली, अशी टीका झाली. नागमोडी मार्गाने जाण्याची खबरदारी कितपत घेतली गेली, याविषयीही मतभेद आहेत. जुन्या सोनारच्या दोन नौका आधुनिक पाणबुडीविरुद्ध पाठवण्याचा निर्णयही वादग्रस्त ठरला. त्यामुळे अभ्यासक मुल्ला यांचे वैयक्तिक धैर्य आणि मोहिमेच्या आखणीतील उणिवा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहतात. एकीने दुसरी झाकली जात नाही.

सन्मान आणि स्मृती

१९९९ मध्ये दीव येथे समुद्राकडे तोंड करून खुकरी स्मारक उभारण्यात आले. तेथे काचेच्या पेटीत नौकेची प्रतिकृती ठेवलेली आहे. भारतीय टपाल खात्याने २००० मध्ये मुल्ला यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या आणि १९८९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या कॉर्व्हेटला खुकरी हेच नाव देण्यात आले. ही नौका २०२१ मध्ये निवृत्त झाल्यावर दीव येथे संग्रहालय म्हणून जतन करण्यासाठी सुपूर्द करण्यात आली. हँगोर पाणबुडी कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली आहे.