जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट, १९४३ – १६ ऑक्टोबर, १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. आंतरजालाच्या मूलभूत नियमांचे संपादक आणि ई-मेलच्या वहनाची पद्धत ठरवणाऱ्या एसएमटीपी या प्रोटोकॉलचे कर्ते म्हणून ते ओळखले जातात. पाठवलेला ई-मेल का पोहोचला नाही हे तीन अंकांत सांगणारी, आजही वापरात असलेली पद्धत त्यांच्या दस्तऐवजातून ई-मेलच्या व्यवहारात रूढ झाली.

जीवन

पोस्टेल यांचा जन्म कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजेलसमधील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. व्हिंटन सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे आंतरजालाचे आणखी दोन शिल्पकारही याच शाळेचे विद्यार्थी होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलस शाखेतून त्यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, तर १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. तेथेच लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत ते अर्पानेट या आंतरजालाच्या पूर्वसुरी जाळ्यावर काम करू लागले. क्रॉकर यांनी १९६९ मध्ये आरएफसी ही तांत्रिक टिपणांची मालिका सुरू केली. तिच्या संपादनाची जबाबदारी पोस्टेल यांच्याकडे आली आणि त्यांनी ती अखेरपर्यंत, जवळजवळ तीस वर्षे सांभाळली. १९७७ पासून ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत होते. लांब दाढी आणि पायात सँडल हा त्यांचा वेष सहकाऱ्यांच्या परिचयाचा होता.

ई-मेल प्रोटोकॉल

प्रारंभी ई-मेल फाइली पाठवण्याच्या प्रोटोकॉलवरच स्वार होऊन जात असे. १९८० मध्ये सुझान स्लायझर आणि पोस्टेल यांनी टपालासाठी स्वतंत्र नियम मांडले. त्यांचे सुधारित रूप नोव्हेंबर १९८१ मध्ये आणि पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ म्हणून प्रसिद्ध झाले. संदेश पुढे पोहोचवण्याचे काम स्वीकारलेल्या सर्व्हरला नंतर तो पोहोचवता आला नाही, तर तसे मूळ प्रेषकाला कळवणे या नियमांनी बंधनकारक केले. पत्ता अपुरा असा शेरा घेऊन परत आलेले पोस्टकार्ड ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या नियमाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. पत्र मध्येच नाहीसे होण्यापेक्षा ते परत आलेले बरे.

अडचण शोधताना उत्तराचा पहिला अंक प्रथम पाहावा लागतो. २ म्हणजे काम झाले, ४ म्हणजे अडथळा तात्पुरता आहे, ५ म्हणजे नकार कायमचा आहे. ४५० हे उत्तर टपालपेटी त्या क्षणी उपलब्ध नसल्याचे, तर ४५२ हे सर्व्हरवर जागा अपुरी असल्याचे सांगते. अशा वेळी पाठवणारा सर्व्हर काही काळाने पुन्हा प्रयत्न करतो, माणसाने काही करायचे नसते. ५५० या उत्तराचा नेहमीचा अर्थ अशी टपालपेटीच नाही असा असतो. तेथे तोच संदेश पुनःपुन्हा पाठवणे व्यर्थ, पत्ता तपासणे आवश्यक. अंक यंत्रासाठी आणि त्यापुढील मजकूर माणसासाठी, ही विभागणी पोस्टेल यांनी १९७४ मध्ये फाइलींच्या प्रोटोकॉलच्या उत्तरांची फेररचना करतानाही पाळली होती.

एका पत्त्यावर आलेला संदेश शेकडो सदस्यांना पाठवणाऱ्या मेलिंग लिस्टमध्ये प्रश्न अधिक बिकट होतो. एका सदस्याचा पत्ता बंद पडला, तर त्याची सूचना संदेश लिहिणाऱ्याकडे जावी की यादीच्या व्यवस्थापकाकडे? रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेल्या आरएफसी ११२३ ने १९८९ मध्ये याचा निर्णय दिला. संदेशाच्या मथळ्यात लेखकाचा पत्ता तसाच ठेवावा, परंतु पाकिटावरील परतीचा पत्ता व्यवस्थापकाचा असावा. यादीतील बिघाड शोधणारा आजही मथळ्याबरोबर हे पाकीट तपासतो. न पोहोचल्याची सूचनाच पोहोचली नाही तर सूचनांचे चक्र अखंड फिरत राहील, हा धोका मात्र पोस्टेल यांनी १९८२ मध्येच ओळखला होता. अशा सूचनेचा परतीचा पत्ता रिकामा ठेवावा, हा उपाय त्यांच्या दस्तऐवजातच आहे.

मर्यादा

पाठवताना काटेकोर आणि स्वीकारताना उदार असावे, हे पोस्टेल यांचे तत्त्व १९८० च्या टीसीपी दस्तऐवजात आले आणि त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. एसएमटीपीमध्येही विश्वास गृहीत होता. प्रेषक खरा आहे की नाही हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. त्यामुळे खोट्या परतीच्या पत्त्याने पाठवलेल्या संदेशांच्या सूचना पुढे निरपराध लोकांकडे जाऊ लागल्या. यादीतील सदस्य दाखवणारी आज्ञाही पत्ते गोळा करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून अनेक व्यवस्थापकांनी बंद केली. नकोशा टपालाविषयी पोस्टेल यांनी १९७५ मध्येच स्वतंत्र टिपण लिहिले होते. हे लक्षात घेता १९८२ च्या नियमांतील ही उणीव अधिकच जाणवते.

नावे आणि क्रमांक

आंतरजालावरील पत्ते व क्रमांक यांच्या नोंदी ठेवण्याचे काम, म्हणजेच आयएएनए, पोस्टेल यांच्याच देखरेखीखाली चालत असे. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नावांची पद्धत रचली, तेव्हा तेही याच संस्थेत होते. या कामाला कायद्याचा आधार फारसा नव्हता, ते पोस्टेल यांच्यावरील विश्वासावर चाले. २८ जानेवारी, १९९८ रोजी त्यांनी आठ रूट सर्व्हरांच्या चालकांना ई-मेल पाठवून मूळ माहिती आयएएनएच्या संगणकावरून घेण्यास सांगितले. चालकांनी ते ऐकले. अमेरिकन सरकारने आक्षेप घेतल्यावर काही दिवसांतच पूर्वस्थिती आणली गेली, आणि पोस्टेल यांनी ती चाचणी असल्याचे सांगितले. त्याच वर्षी या कामासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली.

मृत्यू आणि सन्मान

आयकॅनच्या स्थापनेनंतर काही आठवड्यांतच, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे लॉस एंजेलस येथे पोस्टेल यांचे निधन झाले. सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख आरएफसी मालिकेतच २४६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावाने सेवा पुरस्कार सुरू केला असून १९९९ मधील पहिला पुरस्कार त्यांनाच मरणोत्तर देण्यात आला.