लुई पाश्चर : द्राक्षारसापासून जीवदानापर्यंत

नाताळनंतर दोनच दिवसांनी, २७ डिसेंबरला, ख्रिस्तसभा प्रेषित संत योहानाचा सण साजरा करते. युरोपातील अनेक धर्मग्रामांत या दिवशी द्राक्षारस आशीर्वादित करण्याची जुनी प्रथा आहे. योगायोग असा, की द्राक्षारस का बिघडतो हे जगाला समजावून देणारे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचा जन्मही याच दिवशी झाला. ते वर्ष होते १८२२.

फ्रान्समधील डोल गावी एका साध्या कॅथलिक कुटुंबात ते जन्मले. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी राहायला गेले. शाळेत लुई फारसा चमकला नाही. त्याला चित्रे काढायची आवड होती. पुढे चिकाटीने पॅरिसला शिकून तो रसायनशास्त्रज्ञ झाला. १८४९ साली मारी लोराँ हिच्याशी विवाह झाला. तिने आयुष्यभर घर सांभाळले आणि पतीच्या कामात लेखनिकाचीही भूमिका बजावली.

१८५४ साली पाश्चर लील शहरात प्राध्यापक म्हणून गेले. तेथे बिगो नावाचे कारखानदार बिटापासून मद्यार्क बनवीत. १८५६ साली त्यांच्या काही पिंपांतील रस आंबट होऊन वाया जाऊ लागला. ते पाश्चर यांच्याकडे आले. पाश्चर यांनी थेंब थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या पिंपात गोल यीस्टपेशी दिसत. नासलेल्या पिंपात मात्र काडीसारखे बारीक जीव वळवळत होते.

रस आपोआप नासतो, अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती. पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारखी वाकडी, लांब नळी असलेले काचेचे चंबू तयार केले. त्यांत रस उकळून ठेवला. नळीतून हवा आत जाई, पण धूळ वळणात अडके. रस जसाच्या तसा राहिला. मान मोडली, की काही दिवसांतच तो नासे. म्हणजे बिघाड रसात जन्मत नाही, तो बाहेरून आत शिरतो.

१८६३ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांना द्राक्षारसाच्या रोगांचा अभ्यास करायला सांगितले. पाश्चर आपल्या आर्ब्वा गावी आले आणि गावातल्याच कारागिरांकडून साधने बनवून घेऊन कामाला लागले. बाटलीबंद द्राक्षारस ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापवला तर तो टिकतो, हे त्यांनी सिद्ध केले. १८६५ साली त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले. आज आपल्या घरी येणाऱ्या पिशवीतल्या दुधावर जो पाश्चरायझेशन हा शब्द असतो, तो यांच्याच नावावरून आला.

याच वर्षांत त्यांच्या घरावर दुःखाचे डोंगर कोसळत होते. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच वारल्या. त्यांपैकी दोघी विषमज्वराने. १८६८ साली त्यांना स्वतःला पक्षाघात झाला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. तरी काम थांबले नाही. बाहेरून येणारे जंतू द्राक्षारस नासवतात, तर माणसालाही तेच आजारी पाडत असतील, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. शस्त्रक्रियेची हत्यारे ज्योतीवर धरून घ्या, हात धुवा, असे ते डॉक्टरांना कळकळीने सांगत. ते स्वतः डॉक्टर नव्हते, त्यामुळे अनेकांनी त्यांची थट्टा केली. १८८५ साली पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्यांची लस टोचण्यात आली. तो मुलगा वाचला. १८८८ साली पॅरिसला पाश्चर संस्था उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांनी देह ठेवला. पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात त्यांचा अंत्यविधी झाला.

त्यांच्या संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन १८९६ साली मुंबईत आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी प्लेगची लस तयार केली. परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचेच नाव आहे. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला. पुढे तज्ज्ञांनी दाखवून दिले, की जंतू गावात बाटली उघडताना शिरले असावेत. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. पण एका बाटलीने १९ घरे उजाड केली होती.

आपल्या मुळशीत मे महिन्यात करवंदे आणि पाठोपाठ जांभळे येतात. कोणी सरबत करतो, कोणी नाताळसाठी वाइन. वाइनसाठी राज्याचे परवान्याचे नियम आहेत, ते पाळावेत. बाटलीचा नियम मात्र दोन्हींना एकच : आधी धुणे, मग निर्जंतुक करणे. तळाशी मळ राहिला तर उकळूनही उपयोग होत नाही, कारण मळाच्या आड जंतू लपतात. करवंदाचा चीक काचेला घट्ट चिकटतो. तो धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवून लांब ब्रशने घासावा, भरपूर पाण्याने खळखळून धुवावे आणि बाटली उजेडात धरून पाहावी. मग पातेल्याच्या तळाशी फडके घालून बाटल्या गार पाण्यात ठेवाव्यात, पाणी हळूहळू तापवावे आणि दहा-पंधरा मिनिटे उकळू द्यावे. एकदम उकळते पाणी ओतले तर काच तडकते. झाकणेही उकळावीत. बाटल्या स्वच्छ कपड्यावर पालथ्या घालून वाळवाव्यात. आत ओल राहिली तर पावसाळ्यात बुरशी धरते. रॉकेल, फिनेल किंवा फवारणीचे औषध ठेवलेली बाटली कितीही धुतली तरी खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी कधीही वापरू नये. आणि रस फसफसत असताना बूच घट्ट लावू नये. वायूच्या दाबाने बाटली फुटते.

मिस्साबलिदानासाठी द्राक्षारस शुद्ध आणि न नासलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. वेदीवरच्या कुपीची आपण जी काळजी घेतो, तीच घरातल्या बाटलीची, पाण्याच्या हंड्याची आणि तान्ह्या बाळाच्या दुधाच्या बाटलीची घ्यायला हवी. ज्या पित्याने आपल्या तीन लेकी गमावल्या, त्याने जगातल्या इतर आईबापांसाठी मागे ठेवलेले हे ज्ञान आहे. त्याचा वापर करायला लागतो तो फक्त थोडा सोडा, उकळते पाणी आणि अर्धा तास.